कर्नलमधील दोषशोधनाचा दस्तूर
हेलसिंकीत १९९१ साली लिनक्सचा पाया घालणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे मत असे की, कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, दोष डीबगरच्या आधाराने नव्हे, तर मूळ संहितेच्या साक्षेपी वाचनाने शोधावेत; त्यामुळे केजीडीबी हा डीबगर, कित्येक वर्षे पॅचच्या रूपाने कर्नलबाहेर तिष्ठत राहून, २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत दाखल झाला. तत्पूर्वीच, २००६ साली, इंगो मोल्नार यांच्या लॉकडेप या साधनाने लॉक घेण्याच्या क्रमातील विसंगतीची तपासणी आरंभिली होती. २०१५ साली कासान या साधनाने, मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट हिशेबासाठी राखून, तिच्या गैरवापरावर पहारा बसविला. परंतु अशा प्रत्येक चौकशीचा महसूल वेग आणि मेमरी यांतून वसूल होत असल्यामुळे हे पर्याय कर्नल बांधतेवेळीच, कॉन्फिग फायलीत, ऐच्छिक ठेवले गेले. चाचणीच्या यंत्रावर ते चालू, नित्य कामकाजाच्या यंत्रावर बहुधा बंद, हा दस्तूर त्यातूनच रूढ झाला.