नडलेला विक्रेता आणि कराराचा बाजार

अमेरिकेतील स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात ‘होलसेलिंग’ या नावाने जो धंदा रूढ झाला आहे, त्यात धंदा करणारा माणूस घर विकत घेत नाही आणि बहुधा ते घेण्याइतका पैसाही त्याच्यापाशी नसतो. घर विकण्याची निकड असलेला मालक गाठून तो बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीचा खरेदी-करार करतो, इसारा म्हणून किरकोळ रक्कम भरतो आणि कराराची मुदत संपण्यापूर्वी त्यातील खरेदीदाराचा हक्क रोख रक्कम बाळगून असलेल्या एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावे करून देतो. ठरलेली किंमत मालकाला मिळते आणि वरचा फरक मध्यस्थाकडे राहतो. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला पहिला आडाखा शिकवला जातो तो सत्तर टक्क्यांचा. दुरुस्तीनंतर ज्या घराला २,००,००० डॉलर येतील, त्याचे सत्तर टक्के म्हणजे १,४०,००० डॉलर धरायचे, त्यातून दुरुस्तीचे समजा ४०,००० आणि स्वतःच्या मोबदल्याचे १०,००० वजा करायचे आणि उरलेल्या ९०,००० डॉलरपेक्षा एक पैही अधिक मालकाला देऊ करायची नाही. हा हिशेब जुळायचा तर किमतीपेक्षा वेळेची ओढ अधिक असलेला, म्हणजेच नडलेला मालक सापडावा लागतो, आणि म्हणून या धंद्याचा इतिहास हा कायद्याच्या इतिहासापेक्षा अशा मालकाच्या शोधाचा इतिहास अधिक आहे.

कायद्याची बाजू अर्थातच आधी तयार झालेली होती. इंग्लंडच्या न्यायतत्त्वाधिष्ठित न्यायालयांनी असे मानले की जमिनीच्या विक्रीचा वैध करार झाला की खरेदीखत होण्यापूर्वीच खरेदीदार न्यायाच्या दृष्टीने मालक ठरतो आणि विक्रेत्याकडे उरते ते केवळ कागदोपत्री स्वामित्व. हे तत्त्व अमेरिकी न्यायालयांनी मोठ्या प्रमाणावर उचलले, त्यामुळे कराराने मिळालेला हक्क हीच एक विकता येण्याजोगी मालमत्ता झाली. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ ने नेमकी हीच वाट बंद केली, कारण विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही असे ते कलम स्पष्टपणे सांगते. महाराष्ट्रात साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, हाती असलेल्याला खरेदीखत करून मागण्याचा हक्क असतो, पण तो मालक नसतो. या उणिवेवर साठेखताला कुलमुखत्यारपत्राची जोड देण्याचा जो तोडगा देशभर निघाला, त्याने मालकी हस्तांतरित होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात निःसंदिग्धपणे नमूद केले. अमेरिकी मध्यस्थाला असा आडमार्ग शोधण्याची गरज पडली नाही, हा त्याच्या धंद्याच्या वाढीतील एक दुर्लक्षित भाग आहे.

हक्काच्या कागदाचा व्यापार अमेरिकेत घरांपासून सुरू झाला नाही. तिजोरीत पैसा कमी आणि पश्चिमेकडे जमीन अमाप अशा स्थितीतील संघराज्याने सैनिकांना सेवेचा मोबदला म्हणून जमिनीचे हक्कपत्र देण्याची पद्धत स्वीकारली होती. १८४७ ते १८५५ या काळातील कायद्यांनी दिलेल्या अशा हक्कपत्रांखाली सहा कोटी एकरांहून अधिक जमीन गेली. हक्कपत्रधारकाने सरकारी जमिनीपैकी हवा तो तुकडा निवडावा अशी कल्पना होती, परंतु न्यू इंग्लंडमधील म्हाताऱ्या सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला आयोवाच्या माळरानावर जाऊन वसण्याची इच्छाही नव्हती आणि ताकदही नव्हती. १८५२ मध्ये काँग्रेसने ही हक्कपत्रे दुसऱ्याच्या नावे करण्यास मुभा दिली, आणि दलालांनी ती गोळा करून पश्चिमेकडील सट्टेबाजांना विकण्यास आरंभ केला. सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे १६० एकरांच्या हक्कपत्राची दर्शनी किंमत २०० डॉलर होत असे. प्रत्यक्षात ते त्याहून कमी भावाने विकले जाई, कारण विधवेला पैसा आज हवा होता आणि जमीन दूर होती.

या धंद्याचे आधुनिक रूप जिथे प्रथम उघड्यावर दिसले ते ठिकाण म्हणजे १९२५ सालचे मायामी. हेन्री फ्लॅग्लरची रेल्वे १८९६ मध्ये तेथे पोहोचली होती. कार्ल फिशर याने खारफुटी तोडून व उपसलेल्या वाळूचा भराव घालून मायामी बीच उभे केले, जॉर्ज मेरिक याने कोरल गेबल्स हे आखीव नगर वसवले आणि तेथील भूखंडांची महती गाण्यासाठी तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन याला व्याख्याता म्हणून नेमले. १९२४ मध्ये फ्लोरिडाने राज्यघटनेत दुरुस्ती करून आयकर आणि वारसाकर यांना मज्जाव केला, तेव्हा उत्तरेतील पैशाचा ओघ अधिकच वाढला. फ्रेडरिक लुइस अ‍ॅलन याने १९३१ मध्ये लिहिलेल्या इतिहासानुसार शहरात दोन हजार कचेऱ्या आणि पंचवीस हजार दलाल होते असे म्हटले जाई, आणि रस्त्यावर गर्दी तुंबू नये म्हणून भर रस्त्यात भूखंड विकण्यास, इतकेच नव्हे तर नकाशा उलगडून दाखवण्यासही बंदी घालणारा नियम नगरपालिकेला करावा लागला.

या गर्दीतील सर्वांत चपळ वर्ग ‘बाइंडर बॉईज’ या नावाने ओळखला जाई. ‘बाइंडर’ म्हणजे इसारपावती: किमतीचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी रक्कम भरून भूखंड आपल्या नावे रोखून धरायचा आणि पहिला मोठा हप्ता, जो बहुधा किमतीच्या चतुर्थांशाइतका असे, साधारण महिनाभराने भरायचा. ही मुदत कागदावर तीस दिवसांची असली तरी नोंदणी कचेरीत दस्तांचे ढीग साचल्यामुळे आणि मालकीहक्काची तपासणी रेंगाळल्यामुळे प्रत्यक्षात ती लांबत असे, व तेवढ्यात तीच पावती चढत्या भावाने अनेक हातांतून फिरून येई. आखूड विजारी घातलेली ही मुले पावती हप्त्यापर्यंत आपल्या हाती राहू देत नसत, कारण हप्ता भरण्याचा त्यांचा मुळात विचारच नसे. प्रत्येकाचा नफा अखेरच्या खरेदीदाराने पैसे भरण्यावर टांगलेला होता, आणि प्रत्येकजण तो अखेरचा खरेदीदार आपण नाही एवढ्याच खात्रीवर व्यवहार करीत होता.

ऑक्टोबर १९२५ मध्ये माल साचून रूळ तुंबल्याने रेल्वेने अन्नधान्य व इंधनासारख्या आवश्यक वस्तूंखेरीज इतर मालाची वाहतूक थांबवली. १० जानेवारी १९२६ रोजी ‘प्रिन्स वाल्डेमार’ हे जहाज मायामी बंदराच्या तोंडाशीच उलटले आणि बांधकामाचे साहित्य समुद्रमार्गेही येईनासे झाले. १८ सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने उरलेला भरवसा उडवला. १९२५ मध्ये शंभर कोटी डॉलरांच्या वर गेलेली मायामीतील बँकांची उलाढाल १९२८ पर्यंत सुमारे चौदा कोटींवर आली. अ‍ॅलन याने नोंदवलेले एक उदाहरण येथे बोलके आहे: एकाने आपली जमीन एकरी १२ डॉलरने विकली, ती पुढे १७, मग ३० आणि अखेरीस ६० डॉलरने विकली गेल्याचे पाहून तो हळहळला, आणि दोनएक वर्षांनी सगळ्याच खरेदीदारांनी हप्ते थकवल्यामुळे येणे बुडून तीच जमीन त्याच्या गळ्यात परत आली. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते की या तेजीत विक्रेता नडलेला नव्हता. मायामीचा बाजार खरेदीदाराच्या हावेवर चालला आणि ती ओसरताच थांबला. केवळ पावत्यांच्या फेरविक्रीवर उभा असलेला धंदा मंदीत तगू शकत नाही, हे तेथे दिसले.

मंदीतही तगणारी बाजू शिकागोत घडली, आणि ती अधिक काळी आहे. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे वर्णभेदी करारनामे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात दिला, परंतु १९३४ मध्ये स्थापन झालेली फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था कृष्णवर्णीय वस्त्यांतील गृहकर्जांना हमी देण्याचे नाकारतच राहिली. सट्टेबाज श्वेतवर्णीय वस्तीत शिरून कृष्णवर्णीय कुटुंबे येत असल्याची भीती पसरवीत. त्यासाठी कृष्णवर्णीय स्त्रियांना पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या गल्ल्यांतून फिरवण्याचे प्रकार झाले. घाबरलेल्या मालकाकडून घर पडत्या भावाने घ्यायचे आणि ज्याला कोणतीही बँक कर्ज देणार नाही अशा कृष्णवर्णीय कुटुंबाला ते भरमसाट किमतीने हप्त्यांवर द्यायचे, अशी ही रीत होती. अखेरचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही, आणि एखादा हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले पैसे दोन्ही जात. मार्क सॅटर या वकिलाने या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला, आणि १९६८ मध्ये नॉर्थ लॉनडेल भागातील खरेदीदारांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ स्थापून हप्ते रोखून धरले. त्याच वर्षीच्या समन्यायी निवास कायद्याने विशिष्ट वंशाचे लोक येत असल्याचे सांगून घर विकायला लावणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा नसला तरी बेकायदा व्यवहार ठरवला. शिकागोतील हे लोक करार नव्हे तर घरच विकत घेत असल्याने त्यांना आजच्या अर्थाने होलसेलर म्हणता येणार नाही. तथापि विक्रेत्याची निकड शोधण्यावर न थांबता ती निर्माणही करता येते, हा धडा त्यांनीच घालून दिला.

पुढच्या काळात या दोन प्रवाहांची गाठ पडली ती पुस्तकांच्या आणि सशुल्क शिबिरांच्या बाजारात. १९५९ मध्ये विल्यम निकरसन याच्या पुस्तकाने फावल्या वेळात घरे घेऊन लक्षाधीश होण्याचा मार्ग दाखवला होता, पण त्याला हजार डॉलर तरी लागत. १९८० मध्ये आलेल्या रॉबर्ट अ‍ॅलन याच्या ‘नथिंग डाउन’ या पुस्तकाने ते हजारही वगळले. महागाईने घरांचे भाव चढत होते आणि व्याजदर भयंकर होते, तेव्हा ना भांडवल ना पत अशा नवशिक्याला करार विकण्याचा मार्ग सर्वांत जवळचा वाटला, यात नवल नाही. शिबिर चालवणाऱ्याचा नफा मात्र शिष्याच्या यशावर अवलंबून नसतो, ही या काळाची एक उपेक्षित बाजू होय. १९९६ मध्ये डॅलस येथे स्थापन झालेल्या होमव्हेस्टर्स या कंपनीने ‘वी बाय अग्ली हाउसेस’ हे फलक गावोगाव लावून जुनी, पडकी घरे रोखीने घेण्याची जाहिरात केली, आणि किरकोळ मध्यस्थांनी तीच भाषा हाताने रंगवलेल्या पाट्यांवर उतरवून विजेच्या खांबांना ठोकली.

नडलेला मालक हुडकण्याचे खरे साधन मात्र पाटी नव्हे, दप्तर आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४० मध्येच जमिनीच्या व्यवहारांच्या नोंदणीचा कायदा केला होता, आणि त्या परंपरेत अमेरिकेतील काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, खरेदीखते, गहाणखते आणि मालमत्ता कराची थकबाकी यांची दप्तरे सर्वांसाठी खुली ठेवते. वारसाहक्काची व घटस्फोटाची प्रकरणेही बहुतांशी न्यायालयात पाहावयास मिळतात. एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये, खरेदीदार फसू नये, या हेतूने ही उघड नोंद सुरू झाली. २००८ च्या आर्थिक अरिष्टात लाखो घरांवर जप्तीची कारवाई होऊ लागली, बँका कर्ज देईनात आणि रोख पैसेवाल्यालाच घर परवडू लागले; तेव्हा संगणकावर आलेल्या याच दप्तरांतून कर थकवलेले, हप्ते चुकवलेले, परगावी राहणारे आणि नुकताच वारसा मिळालेले मालक यादी करून वेचून काढता येऊ लागले. यादीत नाव आले की पत्रे आणि दूरध्वनी सुरू होतात, आणि गल्लोगल्ली फिरून वाढलेले गवत, साचलेले टपाल व फुटलेल्या खिडक्या टिपून घेण्याची जुनी रीत या यादीला पूरक ठरते. खरेदीदाराच्या रक्षणासाठी केलेली नोंद विक्रेत्याची अडचण दाखवणारी झाली, आणि यात कोणताही कायदा मोडला गेला नाही.

कायदेमंडळांनी अलीकडे हात घातला तो कराराच्या बाजूने. परवाना न घेता दुसऱ्याची मालमत्ता विकणे म्हणजे दलाली, परंतु आपण घर नव्हे तर स्वतःचा करार विकतो, असा या मध्यस्थांचा युक्तिवाद असे. इलिनॉयने २०१९ मध्ये बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्यास दलालाचा परवाना आवश्यक ठरवून हा युक्तिवाद बराचसा निकामी केला. फिलाडेल्फियात जुन्या वस्त्यांतील वृद्ध मालकांच्या तक्रारींनंतर घरमालकांना माहिती देणे बंधनकारक करणारा व परवाना लागू करणारा स्थानिक नियम झाला, ओक्लाहोमाने २०२१ मध्ये भक्षक होलसेलिंगविरोधी म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र कायदा केला, आणि २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनाने मालकी हाती येण्यापूर्वीच कराराखालील घराची विक्रीसाठी जाहिरात करण्यास मज्जाव केला. या कायद्यांचा रोख मध्यस्थाने कशाची जाहिरात केली, परवाना घेतला का आणि विक्रेत्याला खरे सांगितले का या प्रश्नांवर आहे. काउंटीच्या दप्तरातून निघणाऱ्या याद्या आणि त्यांची विक्री यांना मात्र त्यांनी हात लावलेला नाही.