धडक झाल्यावर चूक कुणाची?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. मोटरसायकल शर्यतींचा. शर्यती बघत नसाल तरी वाचा, कारण मुद्दा फक्त शर्यतीचा नाही.

आपल्याकडे रस्त्यावर धडक झाली की पहिल्या पाच मिनिटांत निकाल लागतो. मोठी गाडी असेल तर मोठ्या गाडीची चूक. मागून ठोकलं असेल तर मागच्याची चूक. पोलीस यायच्या आधी गर्दीचा पंचनामा झालेला असतो. इतकी वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितोय, त्यामुळे हे रोजचं झालंय. पण जिथे वीस-बावीस जण ताशी ३०० किलोमीटरने एकाच वळणात घुसतात, तिथे चूक कशी ठरवायची? आणि ठरल्यावर पुढे काय करायचं? मोटोजीपीच्या इतिहासात याची तीन-चार प्रकरणं आहेत.

पहिलं प्रकरण २००६ चं. निकी हेडन हा अमेरिकन रायडर, वय २५, होंडाच्या मुख्य संघात. वर्षभर एकेक गुण जमवत तो विश्वविजेतेपदाच्या यादीत पहिला होता. मागे व्हॅलेंटिनो रॉसी, १२ गुणांनी. शर्यती उरल्या होत्या फक्त दोन. १५ ऑक्टोबरला पोर्तुगालच्या एस्तोरिलमध्ये हेडनच्याच संघातला नवखा डानी पेड्रोसा आतल्या बाजूने घुसला, घसरला आणि हेडनला घेऊन खडीत गेला. बाहेरच्या शत्रूने नाही, घरच्याच माणसाने पाडलं! हेडन हेल्मेटच्या आत ओरडत होता, हातवारे करत होता. ते चित्रण आजही बघवत नाही.

रॉसी त्या शर्यतीत दुसरा आला आणि ८ गुणांनी पुढे गेला. जिंकला टोनी एलियास, तोही रॉसीला सेकंदाच्या फक्त दोन हजारांश भागाने मागे टाकून. ही गोष्ट लक्षात ठेवा.

हेडनने त्या दिवशी राग लपवला नाही. लपवायचं कारणही नव्हतं. पण पेड्रोसाने चूक मान्य केली, माफी मागितली आणि हेडनने तो विषय तिथेच सोडला. दोन आठवड्यांनी व्हॅलेन्सियाला शेवटची शर्यत. रॉसी स्वतःच्याच चुकीने पडला, उठून कसाबसा तेरावा आला. हेडन तिसरा, आणि पेड्रोसा चौथा, हेडनला कुठलाही त्रास न देता त्याच्या मागे. हेडन ५ गुणांनी विश्वविजेता झाला. हिशोब बघा: एस्तोरिलला रॉसी ते दोन हजारांश सेकंद पुढे असता तर त्याला ५ गुण जास्त मिळाले असते, दोघांची बरोबरी झाली असती आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे किताब रॉसीला गेला असता.

त्यानंतर हेडन आणि पेड्रोसा अजून दोन वर्षं एकाच संघात होते. २०१७ मध्ये इटलीत सायकल चालवताना गाडीची धडक बसून हेडन गेला. शर्यतीच्या ट्रॅकवर नाही, साध्या रस्त्यावर.

दुसरं प्रकरण २०११ चं. ३ एप्रिल, स्पेनमधलं हेरेझ, पावसाने ओला ट्रॅक. आता रॉसी डुकाटीवर होता. पुढे जायच्या घाईत तो पडला आणि केसी स्टोनरलाही घेऊन गेला. रॉसीची गाडी मार्शलनी ढकलून सुरू करून दिली, तो पाचवा आला. स्टोनरची गाडी सुरूच झाली नाही, त्याचा दिवस तिथेच संपला. शर्यतीनंतर रॉसी माफी मागायला स्टोनरच्या गॅरेजमध्ये गेला, पण डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि भोवती कॅमेरे. स्टोनरने हात मिळवला, खांद्याची चौकशी केली आणि हसत ऐकवलं, तुझी महत्त्वाकांक्षा तुझ्या कौशल्यापेक्षा मोठी झाली होती. हे वाक्य आजही चाहते एकमेकांना फेकून मारतात.

इथे चूक कुणाची यावर वादच नव्हता. वाद होता माफी कशी मागायची यावर. चेहरा झाकून मागितलेली माफी समोरच्याला माफी वाटत नाही. आपल्याकडेही कुणी गाडीची काच खाली न करता नुसता हात वर करून निघून जातो तेव्हा कसं वाटतं, ते आठवा.

त्याच वर्षी मार्को सिमोन्चेली नावाचा कुरळ्या केसांचा इटालियन पोरगा सगळ्यांच्या टीकेचा धनी होता. फार आक्रमक चालवतो, दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालतो, असं सहकारी रायडर उघड बोलत होते. मे महिन्यात फ्रान्समध्ये त्याच्याशी झालेल्या धडकेत पेड्रोसाचं कॉलरबोन मोडलं, त्याच्या तीन शर्यती बुडाल्या. सिमोन्चेलीला शिक्षा झाली.

आणि मग २३ ऑक्टोबर, मलेशियातलं सेपांग. दुसऱ्याच फेरीत सिमोन्चेलीची गाडी घसरली, पण सरळ बाहेर न जाता परत ट्रॅकवर आडवी आली. मागून येणारे कॉलिन एडवर्ड्स आणि रॉसी त्याच्यावर आदळले. सिमोन्चेली गेला. वय २४. रॉसी त्याचा जवळचा मित्र होता.

त्या दिवशी कुणी कुणाला दोष दिला नाही. मागून आदळणाऱ्या दोघांनाही नाही. टाळण्यासारखं काही त्यांच्या हातात नव्हतं, हे शर्यत कळणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. आज मिसानोच्या सर्किटला सिमोन्चेलीचं नाव आहे.

बरोबर चार वर्षांनी, त्याच सेपांगला, सगळं उलटं झालं. २०१५. रॉसी ३६ वर्षांचा, दहाव्या किताबाच्या उंबरठ्यावर, होर्हे लोरेन्झोपेक्षा ११ गुणांनी पुढे. शर्यतीआधीच्या पत्रकार परिषदेत त्याने थेट आरोप केला की मार्क मार्केझ मुद्दाम लोरेन्झोला मदत करतोय. म्हणजे धडक व्हायच्या तीन दिवस आधीच दोषी ठरला होता! २५ ऑक्टोबरला दोघं फेरीमागून फेरी एकमेकांना ओलांडत राहिले. सातव्या फेरीत रॉसीने वेग कमी करून मार्केझला बाहेरच्या बाजूला ढकलत नेलं, वळून त्याच्याकडे बघितलं, दोघं भिडले आणि मार्केझ पडला. लाथ मारली की नाही, यावर आजही भांडणं होतात.

अधिकाऱ्यांनी रॉसीला तीन दंडगुण दिले. आधीचा एक धरून चार, म्हणजे शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुरुवात. मार्केझने डिवचलं हेही त्यांनी मान्य केलं, पण त्याने नियम मोडला नाही असं सांगितलं. रॉसी क्रीडा लवादाकडे गेला, स्थगिती मिळाली नाही. व्हॅलेन्सियाला तो २६ व्या जागेवरून चौथा आला. लोरेन्झो जिंकला आणि ५ गुणांनी विश्वविजेता झाला. हेडनच्या वेळीही फरक पाचचाच होता.

नियमांच्या बाजूने पुढच्या वर्षी सुधारणा झाली. शिक्षा देण्यासाठी वेगळं पंचमंडळ आलं. पण माणसांचं काय? २०१८ मध्ये अर्जेंटिनात मार्केझने रॉसीला पाडलं. मार्केझला ३० सेकंदांची शिक्षा झाली, तो माफी मागायला रॉसीच्या गॅरेजकडे गेला, तर रॉसीच्या माणसांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याच वर्षी मिसानोला पत्रकार परिषदेत मार्केझने पुढे केलेला हात रॉसीने सगळ्यांसमोर घेतला नाही. २०११ मध्ये स्टोनरच्या दारात माफी मागायला गेलेला हाच रॉसी.

आता आपल्या देशात घडलेलं. २३ सप्टेंबर २०२३, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, शनिवारची छोटी शर्यत. पहिल्याच वळणावर लुका मारिनी आपल्याच संघातल्या मार्को बेझेकीवर आदळला. मारिनीचं कॉलरबोन मोडलं. हा मारिनी रॉसीचा सावत्र भाऊ आणि संघही रॉसीचाच. बेझेकी सगळ्यांच्या मागे पडला, तरी पाचवा आला, आणि रविवारची मुख्य शर्यत त्याने जिंकली. या धडकेतून वैर काही जन्माला आलं नाही.

मला यातून एवढंच दिसतं. चूक ठरवणं हे पंचांचं काम, आणि ते झालंच पाहिजे. शिक्षाही झाली पाहिजे. खिलाडूवृत्ती म्हणजे सगळं विसरा, हसा, फोटो काढा, असं नाही. हेडनसुद्धा चिडला होता. पण घाईत झालेली चूक आणि मनात धरून केलेलं कृत्य यात फरक असतो. हेडनने तो फरक केला. २०१५ मध्ये तो कुणालाच करायचा नव्हता, चाहत्यांना तर अजिबात नाही. रॉसीवाले आणि मार्केझवाले दहा वर्षांनंतरही एकमेकांना शिव्या घालतायत.

पुढच्या वेळी चौकात धडक दिसली की निकाल द्यायच्या आधी कुणाला लागलंय का ते बघा. आणि चूक आपली असेल तर हेल्मेट काढून बोला.