बंदुकीची लाथ आणि खांद्याची भीती

आज आपल्याला बंदुकीच्या पुढच्या टोकाकडे नाही, मागच्या टोकाकडे बघायचंय. गोळी पुढे सुटते, त्याच क्षणी बंदूक मागे येते आणि थेट खांद्यावर आदळते. शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम आठवला ना? तोच हा. याला म्हणतात रिकॉइल. साध्या मराठीत, बंदुकीची लाथ.

ही लाथ किती जोरात बसू शकते? चला १८७१ मध्ये. फ्रेडरिक सेलूस नावाचा १९ वर्षांचा इंग्रज पोरगा दक्षिण आफ्रिकेत उतरला. हस्तिदंतासाठी हत्ती मारणं हा तेव्हा उघड धंदा होता. सेलूसच्या हातात आली बर्मिंगहॅमला बनलेली ‘फोर बोअर’ बंदूक. बोअरचा हिशेब गमतीदार आहे. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या किती गोळ्या बनतात, तो आकडा म्हणजे बोअर. चार बनल्या तर फोर बोअर. म्हणजे एक गोळी पाव पौंडाची, साधारण ११३ ग्रॅम! क्रिकेटचा बॉल असतो १६० ग्रॅमच्या आसपास. आता विचार करा.

एवढी मोठी गोळी कशाला? कारण तेव्हा होती काळी दारू. तिच्यातून गोळीला फार वेग मिळायचा नाही. मग वेगाची कसर वजनाने भरून काढायची. पण त्याची किंमत खांदा मोजायचा. एकदा सेलूसचा बार उडालाच नाही. मदतनिसाने ती भरलेली बंदूक पुन्हा भरली. पुढच्या बाराला सेलूस उचलला जाऊन जमिनीवर आपटला, गालाखाली जखम झाली. या बंदुकांनी त्याने ७८ हत्ती मारले. पण १८८१ च्या पुस्तकात त्याने कबूल केलं, की या बंदुकांमुळे आपल्या मनावर आणि नेमावर कायमचा परिणाम झाला, त्या हातातच घेतल्या नसत्या तर बरं झालं असतं.

इथे नीट लक्ष द्या. हा घाबरट माणूस नव्हता. चालून येणाऱ्या हत्तीसमोर उभा राहणारा होता. तरी त्याची नस बिघडली, ती हत्तीमुळे नाही, स्वतःच्याच बंदुकीमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉर्डाइटसारखी बिनधुराची दारू आली आणि गणित पालटलं. आता लहान गोळी प्रचंड वेगाने फेकता येऊ लागली. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काडतूस आणलं. मॅग्नम हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ ‘मोठा’. शँपेनच्या मोठ्या बाटलीलाही हेच नाव आहे. याची गोळी जेमतेम १९ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला साधारण ७७० मीटर. फोर बोअरच्या मानाने लाथ खूपच सौम्य. तरीही नेहमीच्या .३०-०६ रायफलच्या जवळपास दुप्पट!

त्याच काळात स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल उलट्या वाटेने गेला. हत्तीच्या कवट्या कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने पाहिलं आणि बरेचसे हत्ती अवघ्या ११ ग्रॅमच्या गोळीने मारले. एकूण आकडा हजारावर. आज तो आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण मुद्दा एकच: गोळी केवढी यापेक्षा ती कुठे बसते हे महत्त्वाचं. आणि ज्याचा खांदा आधीच घाबरलाय, त्याची गोळी जागेवर बसत नाही.

मग सगळ्यांनी लहानच रायफल वापरावी का? तसंही नाही. प्रत्येकजण बेल नसतो. म्हणून आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या, धोकादायक प्राण्यांसाठी किमान .३७५ किंवा त्याच्या आसपासच्या रायफलचा नियम आहे. म्हणजे लाथ टळत नाही, ती सोसायला शिकावं लागतं. शिकायची जागा शूटिंग रेंज. जखमी जनावर झाडीत तडफडतंय आणि माणूस त्याच्या मागे चाललाय, ही वेळ शिकण्याची नव्हे.

रेंजवर खरा शत्रू आहे दचकणं. मेंदू एकदा लाथ खातो आणि पुढच्या वेळी चाप दाबायच्या आधीच अंग आखडतो. नळी खाली जाते, नेम चुकतो. हे पकडायची जुनी युक्ती आहे. मित्राने आपल्याला न सांगता मधेच एखादं नकली काडतूस भरायचं. बार होत नाही, पण नळी मात्र डुचकी मारते. चोरी पकडली!

उपायही इतिहासातूनच आलेत. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवायचा. सैल धरला तर तो वेग घेऊन आदळतो. दस्त्याला रबरी पॅड लावायचं. कॅच घेताना हात मागे नेतो ना, तसंच हे: धक्क्याला जास्त वेळ मिळाला की तो कमी लागतो. टेबलावर वाकून बसण्यापेक्षा उभं राहून मारायचं, म्हणजे अंग मागे झुलतं. दुर्बीण डोळ्यापासून पुरेशी लांब ठेवायची, नाहीतर भुवईवर चंद्रकोर उमटते. कानांना प्लग आणि वर मफ, दोन्ही. कारण दचकवण्यात आवाजाचाही वाटा असतो. नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावला तर लाथ कमी होते, पण आवाज वाढतो आणि शेजारच्याचे कान फुटायची वेळ येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थोडेच बार काढायचे. मॅग्नमचे पाच-दहा बार झाले की बास. बाकी सराव पॉइंट टू टू वर.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आणि ते योग्यच. पण हाच धडा आपल्या मातीतही दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेही पॉइंट टू टू वर. तिची लाथ नगण्य. तरी गोळी सुटल्यावरही क्षणभर नेम न हलवता थांबणं तिथेही पहिल्या दिवसापासून शिकवतात.

सेलूसच्या खांद्याची जखम भरली असेल, मनातली भरली नाही. म्हणून जे कोणी रेंजवर जाणार असाल, त्यांनी हलक्या रायफलपासून सुरुवात करा. जड रायफल उचलून फुशारकी मारायला कुणीही सांगेल, तुम्ही ऐकू नका. भेटू पुढच्या भागात!