‘टोळी’, ‘सराईत’ आणि ‘जमात’ : एका शिक्क्याचा इतिहास

एखादा कायदा रद्द झाला म्हणजे त्याने रूढ केलेली भाषाही संपुष्टात येते, असे आपण सहसा गृहीत धरतो. विमुक्त जमातींच्या, विशेषतः पारधी समाजाच्या, वृत्तपत्रीय चित्रणाचा इतिहास या समजुतीस छेद देणारा आहे.

‘पारध’ म्हणजे शिकार. प्राकृतातील ‘पारद्धि’ हे तिचे पूर्वरूप. ‘फासेपारधी’ या नावात पक्षी व हरणे धरण्याचे फासे आहेत. म्हणजे मुळात ही नावे केवळ व्यवसायवाचक होत. गुन्ह्याचा अर्थ त्यांत कोठेही नाही. तो बाहेरून आला.

१८७१ च्या २७ व्या अधिनियमाने ‘गुन्हेगार जमात’ ही कोटी निर्माण केली. त्यामागील युक्तिवाद असा की, सुतारकी वा विणकाम ज्याप्रमाणे वंशपरंपरेने चालते त्याप्रमाणे चोरीही चालते. १९११ मध्ये या कायद्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. नोंदणी, हजेरी व बोटांचे ठसे यांबरोबर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ आली. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी एम. केनेडी यांनी १९०८ मध्ये अशा समाजांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वस्तीस्थान, पेहराव व गुन्ह्याच्या पद्धती यांच्या जोडीला प्रत्येक समाजाची बोलीही नोंदविली आहे. भाषाभ्यासकास ही गोष्ट विचारात पाडणारी आहे. कारण येथे बोली ही अभ्यासाचा विषय न राहता ओळख पटविण्याची खूण ठरली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. वृत्तलेखनाची धाटणी मात्र टिकून राहिली. इतर आरोपींच्या बातमीत नाव, वय, गाव असते. येथे मथळ्यातील कर्त्याच्या जागी जमातीचे नाव येते. व्याकरणदृष्ट्या हा बदल लहान दिसतो, परंतु त्यामुळे एका व्यक्तीच्या कथित कृत्याचे कर्तृत्व सबंध समूहाकडे जाते. ‘टोळी’ हा शब्दही पाहावा. ऊसतोडणी मजुरांची टोळी म्हटले असता कोणी दचकत नाही. तोच शब्द ‘पारधी’ या नावापुढे आला की दरोडा सूचित होतो. ‘सराईत’ म्हणजे सरावलेला. पोलिसी मराठीत तो गुन्हेगाराचे विशेषण झाला आणि तेथून बातमीत उतरला. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच वाक्यरचना निकाल देऊन मोकळी होते. त्याची किंमत मोजतो तो गावाबाहेर पाल ठोकून राहणारा, गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेला माणूस.

या भाषेला उत्तर मिळालेच नाही, असे नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हा हिणविणारा शब्दच १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाचे शीर्षक म्हणून स्वीकारला. १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही, अवमानकारक संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असे मार्गदर्शन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह-नियमावलींतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या भाषेची दखल घेतली. ती याचिका सुकन्या शांता या पत्रकार महिलेने दाखल केली होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या व्यवसायाने हा शिक्का वापरात ठेवला, त्याच व्यवसायातील एका व्यक्तीने तो पुसण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले.

तात्पर्य, कायदा एका दिवशी रद्द करता येतो. वाक्यरचना मात्र प्रत्येक बातमीगणिक दुरुस्त करावी लागते. वृत्तपत्रीय मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी शब्दांच्या अर्थाइतकेच, वाक्यात कर्त्याच्या जागी कोणास बसविले आहे, याकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.