गिटार प्रोसेसरसाठी पॉवर्ड मॉनिटर घ्यायचाय? वॅटचा आकडा बघण्याआधी या गोष्टी समजून घ्या

सध्या कॅफेतल्या गिगला किंवा कॉलेज फेस्टला गेलात तर गिटारिस्टच्या मागे मोठा ॲम्प दिसेलच असं नाही. पायाशी एक डिजिटल प्रोसेसर असतो, त्यातून केबल थेट मिक्सरला जाते आणि काम होतं. लाइन सिक्सचा हेलिक्स, न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स, केम्पर, फ्रॅक्टल, बॉसचा जीटी-१००० ही त्यातली ओळखीची नावं. ॲम्प, स्पीकर कॅबिनेट, त्या कॅबिनेटसमोरचा माइक आणि सगळे इफेक्ट्स, या सगळ्यांची डिजिटल नक्कल त्या एका डब्यात असते.

प्रेक्षकांना आवाज मिक्सरमधून मिळतो. पण खुद्द वाजवणाऱ्याला काय ऐकू येतं? पूर्वी हे काम मागचा ॲम्प करायचा. आता स्टेजवर आधीपासून ठेवलेल्या मॉनिटरवर अवलंबून राहावं लागतं. त्यात गायक, कीबोर्ड, ड्रम्स असं सगळंच भरलेलं असतं आणि गिटार किती द्यायची ते साऊंडवाला ठरवतो. स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर हात जोरात पडतो, बेंड सुरात बसत नाही. म्हणून बरेच जण स्वतःचा पॉवर्ड मॉनिटर घ्यायचं ठरवतात आणि दुकानात गेल्यावर 'एफआरएफआर' हा शब्द कानावर पडतो. एफआरएफआर म्हणजे फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स. सोप्या भाषेत सांगायचं तर जो आवाज आत जाईल तोच, स्वतःचं काही न मिसळता, बाहेर काढणारा स्पीकर.

गिटारचा स्पीकर वेगळा का असतो?

गिटार ॲम्पमधला स्पीकर हा खरं तर एक फिल्टर असतो. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा गाजलेला १२ इंची स्पीकर घ्या. कंपनी त्याची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ अशी देते. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो, म्हणजे हा स्पीकर वरचा बराच भाग देतच नाही. आणि ते गिटारच्या फायद्याचं आहे. डिस्टॉर्शनमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीचा जो किरकिराट तयार होतो तो इथेच गाळला जातो.

डिजिटल प्रोसेसरमध्ये हे गाळण्याचं काम 'कॅब सिम' किंवा 'आयआर' नावाचा ब्लॉक करतो. म्हणजे स्पीकरचा रंग आवाजाला आधीच लागलेला असतो. आता पुढच्या स्पीकरने पुन्हा स्वतःचा रंग लावला तर गोंधळ होणारच. म्हणून फुल रेंज स्पीकर लागतो.

यावरून एक साधा नियम निघतो. फुल रेंज स्पीकरला जोडताना कॅब सिम चालू हवं, खऱ्या गिटार कॅबिनेटला जोडताना बंद. पहिल्या बाबतीत विसरलात तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येईल. दुसऱ्या बाबतीत विसरलात तर ॲम्पवर गोधडी टाकल्यासारखा. 'हा स्पीकर बेकार आहे' म्हणत परत करण्याआधी ही एक गोष्ट तपासून घ्या.

'फ्लॅट' असं खोक्यावर लिहिलंय, म्हणजे फ्लॅट आहेच का?

नाही. एफआरएफआर हे कुठलं प्रमाणपत्र नाही, कोणतीही कंपनी ते छापू शकते. या नावाने विकले जाणारे अनेक स्पीकर रचनेने साध्या पीए स्पीकरसारखेच असतात. खाली एक वूफर, वर एक हॉर्न, आत क्लास-डी ॲम्प्लिफायर. उलट यामाहाचा डीएक्सआर१० किंवा क्यूएससीचा के१० हे मुळात पीए स्पीकर, पण गिटारवाले ते कित्येक वर्षं प्रोसेसरसोबत वापरतायत. त्यामुळे खोक्यावर 'गिटारसाठी' असं लिहिलेलं नसलं तरी बिघडत नाही.

माहितीपत्रकात फ्रिक्वेन्सीचा आकडा असतो, तो मात्र नीट वाचा. '५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' लिहिलंय की 'उणे १० डेसिबल', ते बघा. पहिल्याचा अर्थ, त्या संपूर्ण पट्ट्यात आवाज ३ डेसिबलपेक्षा जास्त वरखाली होत नाही. दुसऱ्याचा अर्थ, टोकाला आवाज १० डेसिबल पडलेला असतानाही ती फ्रिक्वेन्सी मोजणीत धरली आहे. एकच स्पीकर पहिल्या पद्धतीने ६५ हर्ट्झपासून आणि दुसऱ्या पद्धतीने ५० हर्ट्झपासून सुरू होऊ शकतो.

आणि मुळात किती खाली जायची गरज आहे? नेहमीच्या ट्यूनिंगमधली गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. सात तारांच्या गिटारची खालची बी तार ६२ हर्ट्झला. त्याखालचा इलाका बेस गिटारचा आणि किक ड्रमचा. तिथे गिटारने घुसून बॅंडचं काही भलं होत नाही. त्यामुळे '४० हर्ट्झपर्यंत जातो' या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

२००० वॅट! पण नेमके कसले?

सर्वात जास्त फसगत इथे होते. ५० वॅटचा ट्यूब ॲम्प ड्रमरच्या वर ऐकू येतो आणि १००० वॅट लिहिलेला ८ इंची स्पीकर दम टाकतो, असं का?

कारण वॅट म्हणजे आवाज नाही. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. व्हिंटेज ३० साठी हा आकडा १०० डेसिबल आहे. समजा दुसऱ्या एका छोट्या फुल रेंज स्पीकरचा आकडा ९३ आहे. पहिल्याला ६० वॅट दिले तर साधारण ११८ डेसिबल मिळतात. तेवढ्याच आवाजासाठी दुसऱ्याला ३०० वॅट लागतात, म्हणजे पाचपट. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, हे लक्षात ठेवलं तर मोठ्या आकड्यांची भुरळ पडत नाही.

त्यात खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा 'पीक' असतो, म्हणजे क्षणभर मिळणारी ताकद. सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून वॅटऐवजी 'मॅक्स एसपीएल' बघा, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल देऊ शकतो ते. तो आकडा मोजलेला आहे की गणिताने काढलेला, हेही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

माझं मत सांगायचं तर बॅंडमध्ये खरा ड्रमर असेल तर चांगल्या दर्जाचा १० किंवा १२ इंची स्पीकर घ्यावा. ८ इंची स्पीकर घरी, अकूस्टिक सेटला, छोट्या कॅफेत किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रम्सबरोबर छान चालतो. पण सिंबल्स सुरू झाल्या की तो पूर्ण ताकदीवर जातो, आतला लिमिटर आवाज दाबू लागतो आणि नेमकी पिकची धार निघून जाते. जास्तीची ताकद आवाज वाढवायला लागतेच असं नाही, आवाज मोकळा राहायला लागते.

आणि हो, कान. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, तर १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं राहणं ठीक आहे. आपली बॅंड प्रॅक्टिस १५ मिनिटांत संपत नाही. इअरप्लगचा खर्च याच बजेटमध्ये धरा.

जमिनीवर की स्टॅंडवर?

तोच स्पीकर स्टॅंडवरून उतरवून जमिनीवर ठेवला की बेस वाढतो, कारण खाली जाणारा आवाज जमिनीवर आपटून परत येतो. हा फरक ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. भिंतीला किंवा कोपऱ्याला लावला तर आणखी. म्हणून बऱ्याच पॉवर्ड स्पीकरच्या मागे 'मॉनिटर' आणि 'मेन' असा पर्याय असतो, यामाहाच्या डीएक्सआरमध्येही आहे. जमिनीवर वापरायचा असेल तर तो बरोबर ठेवा, नाहीतर गिटार पाम-म्यूट करताच सगळं घुमायला लागेल.

कॅबिनेटची बाजू तिरकी आहे का, तेही बघा. तिरकी असेल तरच स्पीकर आडवा ठेवल्यावर आवाज कानाकडे येतो, नाहीतर गुडघ्यांना कॉन्सर्ट. आडवं ठेवण्यात अजून एक मेख आहे. हॉर्नचा आवाज बहुतेक वेळा उंचीपेक्षा रुंदीत जास्त पसरतो. स्पीकर आडवा केला की हे उलटं होतं आणि तुम्ही दोन पावलं बाजूला सरकलात तरी वरचा आवाज गायब होतो. काही मॉडेलमध्ये हॉर्न फिरवून बसवता येतो.

जवळून ऐकताना दुसरी अडचण येते. वूफर आणि हॉर्न वेगवेगळ्या जागी असल्याने दीड-दोन मीटरवर दोघांचा आवाज नीट एकजीव होत नाही. यावर उपाय म्हणजे कोअॅक्सिअल स्पीकर, ज्यात हॉर्न वूफरच्या मधोमध बसवलेला असतो. इलेक्ट्रो-व्हॉइसचा पीएक्सएम-१२एमपी या प्रकारातला आहे. स्टेजवर एका जागी उभे न राहणाऱ्यांनी आधी याच प्रकाराचा विचार करावा.

'पण ॲम्पसारखं वाटत नाही यार'

एफआरएफआर घेतलेल्यांची ही सर्वात जुनी तक्रार. ती खरी आहे, पण दोष स्पीकरचा नाही. आयआर बनवताना कॅबिनेटच्या अगदी जवळ, काही इंचांवर माइक ठेवलेला असतो, बहुतेकदा शुअरचा एसएम५७. म्हणजे तुम्हाला ऐकू येतो तो ॲम्पचा रेकॉर्ड झालेला आवाज. खोलीत ॲम्पशेजारी उभं राहून जो ऐकू येतो, तो नाही. अल्बममध्ये आणि प्रेक्षकांना नेहमी पहिलाच ऐकू आलेला असतो, फक्त वाजवणाऱ्याला दुसऱ्याची सवय असते.

कंपन्यांनी यावर मधले मार्ग काढलेत. लाइन सिक्सच्या पॉवरकॅबमध्ये फ्लॅट मोडसोबत वेगवेगळ्या गिटार स्पीकरच्या नकला आहेत. त्या वापरायच्या तर पॉवरकॅबकडे जाणाऱ्या सिग्नलमधला कॅब ब्लॉक बंद करावा लागतो, पण मिक्सरला मात्र कॅबसकट आवाज हवा असतो. त्यामुळे प्रोसेसरमध्ये दोन वेगळे मार्ग तयार करावे लागतात. फेंडरने २०२३ मध्ये आणलेले टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२ दिसायला ॲम्पसारखे आहेत, त्यांना ईक्यू आणि वरचा आवाज कापणारा हाय-कट नॉब आहे.

वाजवताना ॲम्पचाच अनुभव हवा असेल तर या प्रकारांकडे जा. पण प्रेक्षकांना जे ऐकू येतंय तेच मला हवं, असं असेल तर जितका साधा आणि फ्लॅट तितका बरा. दोन्ही एकाच डब्यात पूर्णपणे मिळत नाहीत.

दुकानात काय करायचं?

स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचे पॅच घेऊन जा. आधी गिटार नाही, पाठ असलेलं एखादं गाणं लावा. गायकाचा आवाज नाकातून येतोय असं वाटलं तर तो स्पीकर फ्लॅट नाही, विषय संपला. मग स्पीकर जमिनीवर ठेवून उभ्याने वाजवा, डावी-उजवीकडे चाला. क्लीन टोनवर जोरात स्ट्रम करून बघा, कारण डिस्टॉर्शनमागे स्पीकरचे दोष लपतात. आणि आवाज गिगइतका वाढवू द्या. दुकानदार वाढवू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

वाढवायचं कारण असं. १९३३ मध्ये बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की कानाला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. कमी आवाजात बेस आणि ट्रेबल कानाला कमी वाटतात, म्हणून रात्री हेडफोनवर आपण ते वाढवून ठेवतो. तोच पॅच स्टेजवर गेला की खाली घुमतो आणि वर कानात टोचतो. त्यामुळे नवा मॉनिटर घेतल्यावर पॅच पुन्हा, गिगच्या आवाजात, त्याच मॉनिटरवर बसवा. सुरुवातीला लो-कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय-कट ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवून बघा, निम्मं काम तिथेच होतं.

जोडणी

प्रोसेसरचं एक्सएलआर आउटपुट मिक्सरला, पाव इंची आउटपुट मॉनिटरला. प्रोसेसरचा मोठा व्हॉल्यूम नॉब फक्त मॉनिटरच्या आउटपुटवर काम करेल असं सेट करा. हेलिक्सच्या ग्लोबल सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. नाहीतर गाण्याच्या मध्ये तुम्ही स्वतःचा आवाज वाढवाल, तो प्रेक्षकांतही वाढेल आणि साऊंड इंजिनिअर वैतागून तुमचा फेडर खाली ओढेल. मॉनिटरच्या मागे माइक आणि लाइन असा स्विच असेल तर तो लाइनवर ठेवा. माइकवर राहिला तर सिग्नल आतच फाटतो.

सगळं जोडल्यावर गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा कारण ग्राउंड लूप असतं. मिक्सर एका प्लगवर आणि तुमचा सेट दुसऱ्या प्लगवर असताना असं होतं. प्रोसेसरवरचा किंवा डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट स्विच दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जुगाड मात्र करू नका. आवाज जाईल, पण मेटल तारांवर हात असताना शॉक बसण्याचा धोका राहील. नातेवाइकांकरवी अमेरिकेतून स्पीकर मागवणार असाल तर मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का, ते फोटोवर आधीच तपासा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येणार नाही.