करमल, हस्तिदंत आणि काठी घडवणारे हात

आमच्या गोव्यात करमल ठाऊक नाही असा माणूस विरळाच. पाच धारांचे, आडवे कापले की चांदणी दिसणारे आणि दात आंबवणारे हे फळ मराठीत करंबळ म्हणून ओळखले जाते. पोर्तुगीज इथे आले, त्यांनी हे नाव उचलले आणि त्याचे 'काराम्बोला' करून टाकले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची दखल घेतली आहे. पुढे काय झाले पाहा. फ्रेंच लोक बिलियर्ड्सच्या टेबलावरच्या लाल चेंडूला 'काराम्बोल' म्हणू लागले. हा शब्द त्या फळावरूनच आला असावा असे कोशकार मानतात. मग आपल्या चेंडूने दुसऱ्या दोन्ही चेंडूंना टिपण्याच्या फटक्याला तेच नाव पडले. त्याचे आखूड रूप कॅरम, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचेच झाले 'कॅनन'. म्हणजे साहेबांच्या क्लबातला हा मानाचा फटका आमच्या परसातल्या आंबट फळाचे नाव मिरवतो आहे!

नावासारखाच या खेळाचा मालही आमच्या किनाऱ्याने पाहिलेला आहे. जुन्या काळी बिलियर्ड्सचे चेंडू हस्तिदंताचे असत, आणि उत्तम हस्तिदंत पूर्व आफ्रिकेचा. अठराव्या शतकात दीव-दमणचे वाणी व्यापारी गुजरातेत विणलेले कापड घेऊन मोझांबिकला जात आणि परतताना हस्तिदंत आणत. त्यातला बराच सुरतेच्या बाजारात उतरे. तिथे त्याला मुख्य मागणी होती ती लग्नाच्या चुड्यांसाठी. गोव्याकडे वळलेल्या हस्तिदंतातून बाळ येशूच्या आणि संतांच्या मूर्ती घडल्या. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कलासंग्रहालयात त्या आजही पाहता येतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली, सुरत मागे पडली, आणि आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबईच्या बंदरातून लंडनला जाऊ लागला. तिथे त्याचे चेंडू होत. बंदर एकच, माल कधी वधूच्या मनगटावर, कधी आल्तारावर, तर कधी हिरव्या बनातीवर!

चेंडू करणे हे सोपे काम नव्हते. सुळ्याच्या मधोमध एक बारीक नस जाते. ती चेंडूच्या बरोबर केंद्रातून गेली तरच चेंडू सरळ धावतो, जरा कलली की तो लंगडतो. त्यामुळे एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. त्यातही हस्तिदंताला हवामान बाधते. कातलेला चेंडू बराच काळ मुरवत ठेवावा लागे, नाहीतर गोल चेंडू हळूहळू लांबट होई. किती हत्ती या खेळापायी गेले याचा विचार केला की अंगावर काटा येतो. अखेर अमेरिकेत १८६३ साली हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले आणि त्याच ध्यासातून जॉन हायट याचे सेल्युलॉइड पुढे आले. प्लास्टिकच्या कहाणीतले हे एक पहिले पान बिलियर्ड्सच्या टेबलावर लिहिले गेले आहे.

आता सुरतेकडे पुन्हा वळू, कारण तिथल्या एका कलेची इथे आठवण होते. ती म्हणजे सादेली. हस्तिदंत, चंदन, शिसवी, शिंग, कथील यांच्या सुतासारख्या काड्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते पेटीवर बसवून नक्षी उठवायची. हे काम करणाऱ्या सुरतेच्या पारशी घराण्यांना पेटीगरा असे आडनावच पडले. सुरतेहून ही कला मुंबईला गेली आणि 'बॉम्बे बॉक्स' या नावाने विलायतेत विकली गेली. सुरत गेली, मुंबई राहिली. कारागीर गेला, पेटी राहिली. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की आडनावाने तरी कलेची खूण जपली.

क्यू म्हणजे बिलियर्ड्सची काठी. खेळाडू तिला नुसते 'स्टिक' म्हणतात. तिचीही कथा जोडकामाचीच आहे. पुढचा निमुळता दांडा ॲश किंवा मेपल लाकडाचा, मागची मूठ जड आबनुसाची. ही दोन लाकडे नुसती टोकाला टोक लावून जोडत नाहीत. हातकामाच्या इंग्रजी क्यूमध्ये दांड्याचा मागचा भाग चारी बाजूंनी तिरका तासून त्यावर आबनुसाचे तुकडे एकेक करून बसवतात. तिथे चार गोलसर कमानी उमटतात. यंत्राने केलेल्या जोडाची टोके मात्र भाल्यासारखी अणकुचीदार असतात. जाणकार दुरूनच हा फरक ओळखतो. पुढच्या टोकाला पितळेची टोपी आणि तिच्यावर चामड्याची टिकली. ही टिकली मिंगो नावाच्या एका फ्रेंच कॅप्टनने तुरुंगात असताना शोधून काढली असे सांगतात. तिच्यामुळेच चेंडूला फिरकी देणे शक्य झाले. आता हे सगळे आपल्या पावसाळ्यात जपायचे! जून ते सप्टेंबर जिथे दारे फुगून चौकटीत अडकतात, तिथे साडेचार-पावणेपाच फूट लांबीचा बारीक दांडा सरळ ठेवायचा. भिंतीला टेकवून ठेवलेली काठी कालांतराने वाकते, म्हणून चांगला खेळाडू ती पेटीत नाहीतर टांगून ठेवतो.

एवढा जीव लावण्यासारखे त्यात काय आहे, असे बाहेरच्याला वाटेल. पण स्टीफन हेन्ड्रीचे उदाहरण घ्या. सात वेळा स्नूकरचा जगज्जेता झालेल्या या स्कॉटिश खेळाडूचा पोरवयापासूनचा क्यू २००३ साली विमानप्रवासात मोडला. सातही विजेतेपदे त्याने त्याच काठीने मिळवली होती, आणि ती काठी होती अगदी स्वस्तातली. पैसा असून तशी दुसरी मिळेना. हाताला ओळखीची झालेली वस्तू बाजारात मिळत नसते.

अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचा कारागीर होऊन गेला. १९१२ साली रशियात जन्म, पोरवयात अमेरिकेला स्थलांतर, लाकडी खेळणी करण्याचा व्यवसाय. १९५९पासून तो क्यू विकू लागला आणि १९७५ साली वारला. जेमतेम सोळा वर्षांचा काळ! पण आजही पूल खेळणारे त्याचे नाव व्हायोलिन घडवणाऱ्या स्ट्राडिव्हारीच्या बरोबरीने घेतात. १९८६च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात त्याच्या क्यूचा बडेजाव आहे. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतो तो दुसऱ्याच कंपनीचा क्यू, कारण खरा बालाबुश्का चित्रीकरणात खराब करायची कोणाची छाती नव्हती. कारागिराचा मान म्हणतात तो हा.

आपल्याकडे मानाचे पान खेळाडूंना मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. विल्सन जोन्स पुण्यात १९२२ साली जन्मले. १९५८ साली कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला तो असा, पुण्यात जन्मलेल्या एका अँग्लो-इंडियन माणसाच्या रूपाने. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा तेच केले. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांनी बारा वेळा जिंकले. २००३ साली ते गेले तेव्हा किती मराठी घरांत त्यांचे नाव निघाले असेल? ते पुण्याचे होते हेही अनेकांना नवल वाटते.

त्यांच्या मागून मुंबईचे मायकेल फरेरा आले. १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा ते जागतिक हौशी विजेते झाले. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका खेळीत ११४९ गुणांची मजल मारली. १९८१ साली त्यांना पद्मश्री देऊ केली गेली तेव्हा त्यांनी ती नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण आणि जगज्जेत्याला पद्मश्री, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. क्रिकेटच्या सावलीत वाढणाऱ्या प्रत्येक खेळाच्या वतीने विचारलेला तो प्रश्न होता. मग अहमदाबादचे गीत सेठी आले. १९९२ साली मुंबईच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत त्यांनी एकाच खेळीत १२७६ गुण केले. १२७६! टेबलाशी उभ्या माणसाने तासाहून अधिक काळ प्रतिस्पर्ध्याला खुर्चीतून उठूच दिले नाही. जुने खेळाडू गप्पांना बसले की असल्या खेळींची उजळणी होते, एकेक फटका हवेत काढून दाखवला जातो.

पण त्याच गप्पांत आणखी काही माणसे डोकावतात. क्लबात गुण मोजणारा मार्कर, जो साहेब लोक निघून गेल्यावर दिवा ठेवून स्वतः सराव करी. बनात ताणून बसवणारा मिस्त्री. टिकली बदलून देणारा, वाकलेला दांडा आगीच्या धगीवर फिरवून सरळ करणारा कारागीर. खेळाडू त्यांच्याविषयी मायेने बोलतात, 'त्याच्या हातासारखा हात पुन्हा मिळाला नाही' म्हणतात. पण ते सारे बोलण्यापुरतेच. विजेत्यांच्या नावांच्या सोनेरी पाट्या क्लबाच्या भिंतीवर लागतात. काठी सरळ करणाऱ्याची पाटी कुठे लागलेली पाहिली आहे? आम्ही कारकून माणसे. नोंदवहीत जे चढले नाही ते घडलेच नाही असे मानायची आमच्या धंद्याची रीत. ती किती अपुरी आहे हे अशा वेळी कळते.

बालाबुश्का काही फार वेगळा नव्हता, तोही खेळणी करणारा सुतारच. फरक एवढाच की त्याच्या गिऱ्हाइकांनी त्याचे नाव सांगायचे सोडले नाही. आपल्याकडे सावंतवाडीचा कातारी, संखेड्याचा खरादी, सुरतेचा पेटीगरा या साऱ्यांच्या हातात तेच कौशल्य होते. धंद्याची, जातीची आणि गावाची नावे तेवढी उरली, माणसाचे नाव पुसले गेले.

वाचकहो, गोव्याच्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईच्या जिमखान्यांत, बोटींवर आणि आफ्रिकेतल्या गोवेकरांच्या क्लबांत चाकरीला होती. तुमच्या घरात असा एखादा मार्कर, एखादा मिस्त्री होऊन गेला असेल, तर त्याचे नाव आणि गाव वहीत लिहून ठेवा. खेळलेल्या खेळींचे आकडे कोणीतरी जपतोच. हे नाव मात्र तुम्ही नाही लिहिले तर दुसरे कोणी लिहिणार नाही.