व्यापारी बँकांतील कर्मचाऱ्यांचे सेवासातत्य : पुण्याच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
सदाशिव पेठ ही पुण्यातील नोकरदार मध्यमवर्गाची जुनी वसाहत. बँकेत एकदा लागलेली नोकरी निवृत्तीपर्यंत टिकवायची, अशी येथील अनेक कुटुंबांची धारणा होती. ही धारणा कशी घडली व का ढळली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जडणघडण :
प्रा. वा. गो. काळे व धों. कृ. साठे यांच्या पुढाकाराने १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रची पुण्यात नोंदणी झाली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी कामकाज सुरू झाले. बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. शास्त्री निवाडा (१९५३), देसाई निवाडा (१९६२) व पहिला द्विपक्षीय करार (१९६६) यांमुळे वेतनश्रेणी व सेवाशर्तींना देशव्यापी एकरूपता लाभली. १९ जुलै १९६९ च्या राष्ट्रीयीकरणात या बँकेसह १४ बँकांचा समावेश झाला व नोकरीला शासकीय मालकीचा आधार मिळाला.

सेवासातत्याचे घटक :
वेतनाहून निवृत्तिवेतनाचा प्रभाव अधिक दिसतो. १९९५ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार राजीनामा दिल्यास मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. स्वेच्छानिवृत्तीस २० वर्षांची सेवा आवश्यक असते. त्यामुळे नोकरी मध्येच सोडणे महाग पडे. याउलट अधिकाऱ्यांची देशात कोठेही होऊ शकणारी बदली हा प्रतिकूल घटक होय. बदली टाळण्यासाठी पदोन्नती नाकारणे हा बँकांतील परिचित अनुभव आहे.

बदलते चित्र :
१९९३ नंतर नव्या खासगी बँकांना परवाने मिळाले. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. म्हणजे टिकवणे नव्हे, तर कमी करणे हे त्या वेळी धोरण होते. १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना अंशदायी योजना लागू झाली व एकाच शाखेत दोन प्रकारचे भवितव्य निर्माण झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालात खासगी बँकांतील गळतीचे सरासरी प्रमाण सुमारे २५ टक्के नोंदविले असून त्यातून ग्राहकसेवेत खंड, संस्थात्मक ज्ञानाचा ऱ्हास व भरतीखर्चात वाढ संभवते, असे म्हटले आहे.

निष्कर्ष :
कर्मचारी केवळ निष्ठेने टिकले नाहीत; करार, संघटना व निवृत्तिवेतन यांनी त्यांना टिकविले. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत आजही तरुण बँकभरतीची तयारी करतात. त्यांना बँकेत आणणे परीक्षेने साधेल. टिकविण्यासाठी मात्र भवितव्याची हमीच द्यावी लागेल.